श्याओमानसाठी बदललेला खेळ

होउ बाई शीपो गावच्या शाळेत नव्या होत्या. महाभिंतीचा धडा शिकवताना त्यांनी सहज विचारलं, "रडून भिंत पाडणाऱ्या बाईची गोष्ट कुणाला येते?" तर निम्मा वर्ग गप्प. उरलेल्यांनी कुठल्याशा कार्टूनमधली सांगितली, त्यात ती बाई डोळ्यांतून वीज सोडते. बाईंनी कपाळाला हात लावला. ज्या गावाने पिढ्यानपिढ्या चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवून हीच कथा गायली, त्या गावची ही पोरं. त्याच संध्याकाळी त्या लेइ फूशानच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

फूशान अंगणात मक्याची कणसं सोलत बसला होता. सत्तरीला टेकलेला, एकटा माणूस. एके काळी त्याचा पाच जणांचा संच होता आणि पंचक्रोशीतलं लग्न असो की मयत, त्याच्या सावल्यांच्या खेळाशिवाय पार पडत नसे. आता तो आणि सारंगी वाजवणारा शी म्हातारा, एवढेच उरले होते.

"मोबाईल सोडून पोरं माझ्याकडं बघतील होय, बाई?"

"नाही बघितली तर मी कान धरीन."

"पोरांचे का माझे?"

बाई हसल्या आणि तिथेच काम झालं. पुढच्या आठवड्यापासून दर बुधवारी दुपारी फूशान आणि शी म्हातारा बाहुल्यांची पेटी दांडीला अडकवून शाळेत जायला लागले.

पोरं आधी बिचकली, मग अंगाला खेटली. बैलाचं कातडं घासून घासून काचेसारखं कसं करतात, त्यावर नक्षी कशी कोरतात, मानेला एक आणि हातांना दोन काड्या कशा लावतात, हे सगळं त्यांना बोट लावून बघायचं होतं.

"आजोबा, हिला एकच डोळा का?"

"दुसरा पलीकडच्या बाजूला आहे. तिकडून ती भिंतीवर नजर ठेवून आहे."

"आणि शीआजोबांचे दात?"

"ते भिंतीतच राहिले," शी म्हातारा म्हणाला आणि सारंगीवर असा एक करुण सूर काढला, की वर्ग खो खो हसला.

मुलांनीही शाळेतल्या खेळासाठी तीच कथा निवडली, कारण तिच्यात शेवटी भिंत पडते. राजाची माणसं लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच नवऱ्याला भिंतीच्या कामावर धरून नेतात. थंडी आली तशी बायको त्याच्यासाठी गरम कपडे शिवते आणि ते पाठीवर बांधून पायी निघते. भिंतीशी पोचते तेव्हा कळतं, की नवरा कधीच मेला आणि भिंतीतच पुरला गेला. मग ती रडायला बसते, आणि तिच्या रडण्याने भिंत ढासळते. पोरांनी खोक्यांच्या पुठ्ठ्यांतून भिंतीचे तुकडे कापले. ती पाडायची कुणी, यावरून दोन वेळा मारामारी झाली.

बायकोची बाहुली मात्र श्याओमानच्या हातात गेली. दांग आजींची ही नात नऊ वर्षांची होती. गव्हात दाणा भरतो त्या दिवसांत जन्मली, म्हणून बापाने त्याच दिवसांचं नाव तिला ठेवलं होतं, श्याओमान. बाहुली चालवायची म्हणजे मनगट चालवायचं, हे इतर पोरांना सांगूनही कळत नव्हतं. हिने पहिल्याच दिवशी ती बाई अशी चालवली, की पाठीवरच्या ओझ्याचं वजन पडद्यावर दिसलं. फूशानने शी म्हाताऱ्याकडे पाहिलं. शीने सारंगी खाली ठेवली.

अख्ख्या शीपोला जे ठाऊक होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

श्याओमानचा बाप, दांग आजींचा मुलगा जुनवेइ, दक्षिणेत रेल्वेच्या बोगद्यावर कामाला होता. बुधवारचे वर्ग सुरू होण्याआधी, शरद ऋतूत बोगद्याचं छत कोसळलं आणि तो गेला. कंपनीचा माणूस अस्थींचा कलश घेऊन आला, तेव्हा पोरगी शाळेत होती. दांग आजींनी कलश पोटाशी धरला आणि मागच्या वाटेने थेट फूशानचं घर गाठलं. "तुझ्याकडं ठेव, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात पोरगी कानाकोपरा धुंडाळते." फूशानने कलश आतल्या खोलीत, पेटीशेजारी ठेवला आणि वर स्वच्छ पांढरा कपडा घातला.

आई श्याओमानला आठवतही नव्हती. ती दुसरा घरोबा करून केव्हाच निघून गेली होती. "तिला बाप आहे, म्हणून ती जेवते," दांग आजी म्हणायच्या. "वर्ष सरू दे. थोडी मोठी होऊ दे." बापाचा फोन का येत नाही, तर बोगद्यात रेंज नसते. गाव सामील झालं. दुकानदारही म्हणायचा, "येईल गं बाप तुझा, नव्या वर्षाला येईल."

खेळाच्या आदल्या दिवशी दांग आजी फूशानकडे आल्या. बसायचा मातीचा ओटा गरम राहावा म्हणून त्याने खालच्या शेकोटीत दोन ढलप्या सारल्या आणि त्यांना वर बसवलं. त्या आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघत राहिल्या.

"ती रात्री झोपेत तुझं गाणं म्हणते, भाऊजी."

"गळा चांगला आहे तिचा."

"शेवट बदल."

फूशानला कळलं नाही असं नाही, तरी त्याने विचारलं, "कशाचा?"

"त्या बाईचा नवरा जिवंत निघू दे."

"वहिनी, माझ्या आज्याच्या आज्यापासून ती बाई रडत आलीय."

"मग एक दिवस तिला रडू नको देऊस. बिघडलं काय तुझं?"

फूशानने पुष्कळ सांगून पाहिलं. कथेला अर्थ राहणार नाही, पोरांची भिंत फुकट जाईल, लोक हसतील. दांग आजी नुसत्या गुडघ्यावर हात फिरवत बसल्या. शेवटी तोच म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात पांढरा पडदा ताणला. समोर बाकांवर बहुतेक आज्या-आजोबाच होते, कारण आया-बाप सगळे दूरच्या शहरांत. दिवा लागला, वाटीसारखी छोटी घंटा वाजली आणि फूशान गायला लागला. बायको निघाली, नदी ओलांडली, बर्फातून गेली. भिंतीशी पोचून तिने हाक मारली. तेव्हा भिंतीतलं दार उघडलं, नवरा बाहेर आला आणि तिने आणलेला अंगरखा त्याने चढवला.

"आता वरात काढू का?" शी म्हातारा ओठांतल्या ओठांत पुटपुटला, पण सारंगी वाजवत राहिला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. पुठ्ठ्याची भिंत धरून बसलेली पोरं मात्र भयंकर चिडली. "पाडायची होती ना!" एकजण म्हणाला. "माझी आजी सांगते, तो मेलेला असतो."

"तुझ्या आजीची कथा वेगळी," फूशान काड्या गुंडाळत म्हणाला.

सगळे पांगले तरी श्याओमान बाहुली हातात घेऊन तशीच उभी होती.

"आजोबा, तो वाचला कशामुळं? कपडे वेळेवर पोचले म्हणून?"

फूशानला दिवा विझवायचा होता, घरी जायचं होतं, या पोरीच्या डोळ्यांपुढून हलायचं होतं. "हो," तो म्हणाला.

नवं वर्ष जवळ आलं. शहरांतून एकेकाचे आई-बाप पिशव्या ओढत यायला लागले. दारांवर लाल कागद चिकटले. वाफेवरच्या पावांचा वास गल्लीभर सुटला. श्याओमान रोज फाट्यावर जाऊन बस बघायची आणि परत यायची. मग एका सकाळी बर्फ पडला. दांग आजी पाणी भरून आत आल्या तर पोरगी घरात नव्हती. पेटाऱ्यातला बापाचा कापूस भरलेला अंगरखाही नव्हता.

दांग आजी आधी शाळेत धावल्या. तिथे होउ बाई सुट्टीपूर्वीची आवराआवर करत होत्या. दोघी मिळून फूशानकडे आल्या. तिघं फाट्यावर गेली, तर तिथे बसणारा सायकल-दुरुस्तीवाला म्हणाला, पहिल्या बसने गेली. गाठोडं होतं पाठीवर. मी विचारलं तर म्हणाली, बाबांना कपडे द्यायला चाललेय.

दांग आजींना शी म्हाताऱ्याच्या बायकोपाशी बसवून फूशान आणि होउ बाई तालुक्याच्या गावी निघाले. बसमध्ये बाईंनी विचारलं, "हिचे वडील नक्की कुठं आहेत? पत्ता तरी आहे का कुणाकडं?" तेव्हा फूशानने त्यांना सगळं सांगितलं. बाई नव्या, त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

"मला माहीत असतं तर मी ही कथा घेऊच दिली नसती."

"घेतली ते चुकलं नाही, बाई. फिरवली ते चुकलं."



श्याओमान रेल्वे स्टेशनात सापडली. गरम पाण्याच्या नळाजवळच्या बाकावर बसली होती, गाठोडं मांडीवर. तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईकडे तिने बोगद्याचं तिकीट मागितलं होतं. कुठला बोगदा, ते तिला सांगता येईना. त्या बाईने पोलिसाला बोलावलं होतं आणि पोलिसाने तिला एक उकडलेलं अंडं दिलं होतं. ते तिने सोललं नव्हतं.

"तुम्ही कशाला आलात?" ती म्हणाली. "मी उद्या येणारच होते बाबांना घेऊन."

फूशान तिच्याशेजारी बसला. जन्मभर पडद्यामागून हजारो माणसांना रडवलं त्याने. पण इथे पडदा नव्हता. एकही शब्द धड सुचेना आणि जो सुचला तो नको तसा बाहेर पडला. "श्याओमान, तुझे बाबा माझ्या घरी आहेत."

पोरीचा चेहरा असा उजळला, की होउ बाईंनी मान फिरवली. श्याओमान उठली, गाठोडं पाठीवर टाकायला लागली. "कधी आले? मग चला ना."

फूशानने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. आता मागे फिरता येणार नव्हतं. "जिवंत नाहीत, बाळा. शरदातच गेले. बोगदा कोसळला. त्यांच्या अस्थी आणल्यात, त्या माझ्याकडं ठेवल्यात."



"आजीला माहीतय?"

"हो."

"शीआजोबांना? दुकानवाल्या काकांना?"

"सगळ्यांना. बाईंना तेवढं आज कळलं."

"मग कपडे वेळेवर पोचले म्हणून तो वाचला, ते?"

"ते मी खोटं सांगितलं."

ती रडली नाही. येताना बसमध्ये होउ बाईंनी तिला जवळ घेतलं, तर लाकडासारखी ताठ बसून राहिली. फाट्यावर उतरल्यावर आजीच्या घराचा रस्ता सोडून ती फूशानच्या घराकडे वळली. त्याने खोलीचं दार उघडलं, पांढरा कपडा बाजूला केला. श्याओमानने गाठोडं सोडलं. अंगरखा झटकला, कलशाभोवती घातला आणि एकेक गुंडी लावत गेली. वरची गुंडी बसेना, कारण कलशाला मान नव्हती. तिने दोनदा, तीनदा लावून पाहिली. मग तिथेच, जमिनीवर, ती मोठ्याने रडायला लागली. दांग आजी धापा टाकत दारात आल्या. तिने त्यांना जवळ येऊ दिलं नाही.

ते नवं वर्ष शीपोत कुणी नीट साजरं केलं नाही. श्याओमान आजीच्या हातचं जेवायची, पण तिच्याशी बोलायची नाही. बुधवारच्या वर्गाला ती परत आली नाही. फूशान दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आला. एकदा शी म्हाताऱ्याने त्याला हटकलं, "आत का जात नाहीस?"

"जाऊन म्हणू काय?"

"काही म्हणू नकोस. नुसता बस."

मग तो जाऊन नुसता बसायला लागला. दांग आजी चहा द्यायच्या, पोरगी गृहपाठ करायची. एके दिवशी वहीवरून मान न उचलता ती म्हणाली, "बाबांना पुरायचं कधी?"

"छिंगमिंगला, पितरांच्या दिवशी. आजीनं तसं ठरवलंय."

"खेळ करणार?"

"तू म्हणशील तर."

"तोच करा. खरा." मग म्हणाली, "मी बाहुली नाही धरणार. मी समोर बसणार."

छिंगमिंगला टेकडीवरच्या गव्हात जुनवेइला मूठमाती दिली, अंगरख्यासकट. उतरत्या उन्हात दांग आजींच्या अंगणात पडदा लागला. होउ बाई मुलांना घेऊन आल्या. जी पोरं भिंतीवरून भांडली होती, ती पडद्यामागे रांगेत गुपचूप बसली. बायकोची बाहुली त्यातल्याच एका मुलीने धरली. तिचं मनगट श्याओमानसारखं चालत नव्हतं, पण ती जिवापाड चालवत होती.

श्याओमान पहिल्या बाकावर आजीशेजारी होती, डोक्याला पांढरा शोकाचा कपडा बांधून. फूशानने गाणं उचललं. लग्न झालं. राजाची माणसं आली. बायकोने सुई ओवली. पडद्याच्या कडेने त्याला श्याओमान दिसत होती, ताठ बसलेली, डोळे पडद्यावर. कित्येक रात्री ती नीट झोपली नव्हती, हे दांग आजींनी त्याला सांगितलं होतं. बायको नदी ओलांडून बर्फात शिरली तेव्हा पोरीची मान हलली. पुन्हा सावरली. मग हळूहळू ती आजीच्या खांद्यावर कलली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती आजीला टेकली होती, तेही झोपेत.

शी म्हाताऱ्याने भुवया उंचावून विचारलं, थांबायचं का. दांग आजींनी बसल्या जागेवरून मान हलवली, थांबू नका. मेलेल्यासाठी सुरू केलेला खेळ अर्ध्यात सोडत नाहीत.

फूशानने आवाज खाली आणला. भिंतीशी बायको पोचली, तिला कळलं, ती रडायला बसली, आणि हे सगळं त्याने इतक्या हळू गायलं, की मागच्या बाकांवर ऐकू गेलं नसेल. पोरांनीही भिंत धाडकन पाडली नाही. कुणी सांगितलं नव्हतं, तरी पुठ्ठ्याचा एकेक तुकडा त्यांनी हाताने उचलून, आवाज न करता खाली ठेवला. समोर श्याओमान तोंड किंचित उघडं ठेवून झोपली होती, आणि तिच्या डोक्यावरचा घसरलेला पांढरा कपडा आजी एका हाताने पुन्हा पुन्हा सारखा करत होत्या.