चौथा आवाज

जालिंदरनं हेडफोनचा पाच पिनांचा गोल प्लग नव्यानं आणलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसवला आणि चटका बसावा तसा हात मागं घेतला. खरं तर वीज अजून यायची होती. पण या डब्यात शेकड्यानं व्होल्ट खेळतात, असं तो विकणाऱ्या पुण्याच्या गृहस्थांनी फोनवर इतक्या वेळा बजावलं होतं, की बंद डब्याशीसुद्धा तो दबकून वागत होता.

बाहेर टँकर आला होता. जालिंदरची बायको सिंधुबाई पाइपाचं तोंड धरून टिपाडाशी उभी होती, आणि चिरलेलं टिपाड भरता भरताच गळत होतं. म्हातारा बन्सी, जालिंदरचा बाप, ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसला होता. टेप लागणार असली, की तो नेहमी असाच घराकडे पाठ करून बसायचा. माझे कान जड झालेत, मला काय कळतंय त्यातलं, असं म्हणायचा.

टेप एकच होती. घाटनांदूरच्या जयंतीतल्या गाण्यांची. त्या काळी बन्सीची गायन पार्टी केजपासून दिंद्रुडपर्यंत प्रसिद्ध होती. पुढं पेटी घेऊन बन्सी, बाजूला ढोलकीवाला आणि मागं कोरसला चौघी: छबुबाई, दगडाबाई, बायनाबाई आणि बन्सीची बायको जाईबाई. त्या जयंतीला गावातल्या एका मास्तरांनी नवा टेपरेकॉर्डर आणून स्टेजवर ठेवला होता. पार्टीचं गाणं टेप झालं ते तेवढंच. त्याच वर्षी जाईबाई छातीच्या दुखण्यानं गेली. जालिंदर तेव्हा नुकता पाय टाकायला शिकला होता. आईचा फोटो घरात होता, एक लुगडं ट्रंकेत होतं, पण ती बोलायची कशी ते त्याला माहीत नव्हतं. चाळिशी आली तरी माहीत नव्हतं, आणि ते त्याला आता सहन होईनासं झालं होतं.

जालिंदर साखर कारखान्यात मीटर आणि गेज दुरुस्त करायच्या खात्यात होता. ती टेप त्यानं मिळेल त्या स्पीकरवर, मिळेल त्या हेडफोनवर ऐकली होती. बापाचा आवाज खणखणीत यायचा. कोरस मात्र मळलेल्या पिठाच्या गोळ्यासारखा, चौघींचा मिळून एक. मग कुठंतरी त्यानं वाचलं, की इलेक्ट्रोस्टॅटिक नावाचा एक हेडफोन असतो. त्यात कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा दोन जाळ्यांच्या मध्ये ताणलेला असतो, आणि तो विजेच्या दाबानं हलतो. गर्दीतला एकेक आवाज तो वेगळा करून देतो म्हणे. त्या दिवसापासून हे खूळ लागलं.

नवा घेणं शक्यच नव्हतं. जुने हेडफोन दुरुस्त करून विकणारे पुण्याचे ते निवृत्त गृहस्थ त्याला इंटरनेटवरच सापडले. आधी त्यानं जुना जपानी हेडफोन घेतला, आणि त्याच्यासोबत घरच्या साध्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचा एक डबा. ही सगळ्यात स्वस्तातली वाट होती. पण तेवढ्यावरही छबुबाईचा, लहानपणापासून ओळखीचा, आवाज गोळ्यातून सुटा झाला, आणि तिच्या पाठोपाठ दगडाबाईचा. जालिंदर त्या दिवशी जेवला नाही. पुढं डबा बदलून त्यानं याच हेडफोनसाठी बनवलेला छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणला, तेव्हा बायनाबाई निघाली. तिघी सापडल्या. चौथी तेवढी राहिली.

यंदा कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. ऊसच नव्हता, तर पेटणार कशावर? बरोबरचे लोक मिळेल त्या कामाला मिळेल त्या गावी गेले. कामगारांची पतसंस्था गुंडाळली आणि ज्याचे त्याचे भागाचे पैसे परत मिळाले. सिंधुबाईला त्यातून पाण्याची टाकी हवी होती. जालिंदरला व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, जुना, मोठा अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. माणसाचा आवाज त्याच्यावर जास्त उघडा होतो, असं पुण्याचे गृहस्थ म्हणाले होते. ते सरळ मनाचे होते. त्यांनी पुढचंही सांगितलं होतं, की याच्यानंतर थांबा, याच्यापुढं खर्च वाढतो, ऐकू येणं वाढत नाही.

टाकीचा विषय सिंधुबाईनंच मिटवला होता.

"सासूबाईंचा आवाज येणार असल तर आणा ते," ती म्हणाली होती. "टाकीचं बघू पुढल्या साली."

बारानंतर वीज आली. वर पंखा गरगरला, डब्यातल्या काचेच्या नळ्यांनी तांबूस उजेड धरला. पुण्यात म्हणे पावसाळ्यात या हेडफोनचा एक कान मंद पडतो, ओल त्याला सोसत नाही. इथं केजला ती भीती नव्हती. दोन वर्षं हवेत ओल म्हणून नव्हती. दुष्काळ कुणाला मानवला असेल, तर तो एवढ्या एका यंत्राला. जालिंदरनं हेडफोन कानांवर चढवला आणि टेप सुरू केली.

पहिल्या ओळीपासून मांडवाचं कापड हलताना ऐकू येत होतं. पेटीचा भाता श्वास घेत होता. बापाच्या आवाजाच्या मागं छबुबाई, तिच्या डावीकडे दगडाबाई, जरा मागं बायनाबाई, तिघी अशा वेगळ्या, की हात लावून दाखवाव्यात. आणि छबुबाईच्या उजवीकडे चौथी जागा. छबुबाईनं स्वतः सांगितलं होतं, जाई माझ्या उजव्या अंगाला बसलेली होती. त्या जागेवरून टाळी येत होती. टाळीबरोबर काचेच्या बांगड्या वाजत होत्या. प्रत्येक ओळीला, ठेका न चुकता.

आवाज मात्र येत नव्हता.

त्यानं टेप मागं नेली. पुन्हा ऐकली. चार जणींच्या टाळ्या आणि तिघींचे गळे. तिसऱ्या खेपेला त्यानं आवाज एवढा वाढवला, की ढोलकी कानात टोचायला लागली. दुसरं कडवं संपलं, पेटी थांबली, ढोलकीवाल्यानं एकट्यानं ठेका धरला. आजवर त्या ठेक्याखाली काहीतरी खरखरायचं, त्याला तो टेपचा दोष समजत आला होता. आता तिथं शब्द होते. बापाचे. माइकपासून तोंड वळवून, दबक्या आवाजात.

"जाई, टेप चालू हाय. तू आवाज नको काढू, खोकला यील. नुसतं तोंड हलव."

बांगड्या एकदा वाजल्या. मग कडवं सुरू झालं आणि टाळी पुन्हा ठेक्यात पडू लागली.

जालिंदर बसून राहिला. टेप संपून खटका पडला तरी बसून राहिला. पार्टी चार बायांची ठरली होती, म्हणून तिला बसवून ठेवलं होतं. आणि टेप चांगली व्हावी, म्हणून तिला मुकी केली होती. ती टेप घेऊन तो तिला शोधत होता. त्याला बापाचा राग आला, असा की डबा उचलून ओसरीवर भिरकावावा. बाप सगळं बघत होता. हेडफोन आला तेव्हा बघत होता, दुसरा डबा आला तेव्हा बघत होता, टाकी राहिली तेव्हाही ओसरीवरच होता. एकदाही म्हणाला नाही की नको शोधू.

की विसरला असेल? एवढी वर्षं झाली. जालिंदरला ती एक आशा वाटली, आणि तिचीच भीतीही वाटली. तो उठून ओसरीवर गेला.

"आबा, आत या. एकदा ऐका."

"मला काय ऐकू येतंय, बाबा."

"ह्याच्यात येतं. या."

म्हातारा भिंतीला धरून उठला आणि आत येऊन बाजेवर टेकला. जालिंदरनं त्याची टोपी काढून बाजूला ठेवली, हेडफोन चढवला आणि टेप पहिल्यापासून लावली. पेटी सुरू होताच बन्सी दचकला. तो तरुणपणचा गळा त्याला बहुधा ओळखू आला नाही. मग आला. त्याची बोटं गुडघ्यावर पडू लागली. पहिल्या कडव्याला त्यानं डोळे मिटले, आणि सुरकुतलेला चेहरा हळूहळू सैल झाला. जालिंदर त्याच्याकडे बघत उभा होता. एवढा सुखात त्यानं बापाला कधी पाहिलं नव्हतं.

दुसरं कडवं संपत आलं. बन्सीची बोटं थांबली. त्यानं दोन्ही हात वर नेले, हेडफोन जपून काढला, आणि मांडीवर पालथा ठेवला.

"आबा, अजून हाय."

"पुढचं राहू दे," म्हातारा म्हणाला. "पुढचं पाठ हाय मला."

त्याच्या मांडीतून ढोलकीचा बारीक ठेका येत होता. त्याच्या खालचे शब्द एवढ्या अंतरावर कुणालाच ऐकू आले नसते. तरी ते सरून जाईपर्यंत दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. कडवं सुरू झालं तेव्हा बन्सीनं श्वास सोडला. जालिंदरचा राग कुठं गेला ते त्याला कळलं नाही. राग असता तर बरं झालं असतं, त्याच्या जागी काहीच उरलं नव्हतं.

सिंधुबाई पदराला हात पुसत दारात आली. टँकर गेला होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, बाजेवर बसलेल्या सासऱ्याकडे पाहिलं. हेडफोन सासऱ्याच्या मांडीवर बघून तिचा चेहरा उजळला.

"आला का सासूबाईंचा आवाज?"

बन्सीनं मान वर केली नाही.

"हायत," जालिंदर म्हणाला. "चौघीबी हायत."

"मग मला बी ऐकवा की."

ती पुढं झाली, ओले हात पुन्हा पदराला पुसले आणि हेडफोन घ्यायला वाकली. जालिंदरनं तिच्याआधी हात घातला आणि अ‍ॅम्प्लिफायरचं बटण बंद केलं. नळ्यांमधला उजेड विझत गेला.

"लाइट गेली," तो म्हणाला.

सिंधुबाईनं वर बघितलं. पंखा फिरत होता. बाहेर टिपाड गळत होतं, त्याच्याखाली पातेलं लावायला ती निघून गेली.