दोन शब्दांचं तळघर

इसूफनं टेपरेकॉर्डरचं आवाजाचं चाक लाल ठिपक्यापाशी आणून थांबवलं. ठिपका नेलपॉलिशचा होता, त्याच्या बायकोनं, माजिदानं, तरुणपणी लावलेला. चाक जरा इकडंतिकडं झालं की कॅसेटमधला खेळ कम्प्युटरात उतरायचा नाही आणि इसूफ सगळ्या घरावर डाफरायचा. त्याला वैतागूनच तिनं ती खूण केली होती.

त्यानं बटण दाबलं. कॅसेटमधून ती जुनी कर्कश किरकिर सुरू झाली, आणि खुर्चीत बसलेल्या माजिदानं मान वळवली. आपणहून वळवली, हेच खूप झालं.

ईदनंतर तिला अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला, डावा हात चांगला होता, पण बोलणं सुटं सुटं झालं. पाणी. पंखा. एका वेळी एकच शब्द, तोही दम खात. बोलण्याचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, दोन शब्द आपणहून जोडून आले की पुढची गाडी सुरळीत लागेल. झालं, इसूफनं घरात शाळाच भरवली. पाणी दे म्हण. पंखा लाव म्हण. काल तर तो ओरडलाच. माजिदानं भिंतीकडं तोंड केलं ते दिवस मावळेपर्यंत.

म्हणून आज ही कॅसेट. साडूनं दुबईहून आणलेला तो चिमुकला कम्प्युटर कधीच मोडीत गेला, पण त्याची नक्कल करणारा प्रोग्राम लॅपटॉपवर चालत होता, आणि टेपरेकॉर्डर वायरनं लॅपटॉपलाच जोडला होता. त्या काळी वीज मंडळातून घरी आलं की इसूफ तो कम्प्युटर टीव्हीला जोडून ठाण मांडायचा, साहसाचे खेळ रचायचा आणि कॅसेटवर साठवायचा. चित्रं नाहीत, नुसता मजकूर. किल्ल्याखालचं तळघर, तळघरात खजिना. खेळणाऱ्यानं इंग्रजी अक्षरांत मराठी हुकूम टाइप करायचा: दिवा घे, दार उघड. तेवढ्याशा मेमरीत दोन शब्दांपुढं काही मावायचंच नाही. पहिल्यांदा खेळायची माजिदा, आणि हटकून त्याला न सुचलेलं टाइप करायची. कुलूप आपट. साप हाकल. ते यंत्राला कळायचं नाही, मग दुसऱ्या दिवशी इसूफ शिकवायचा. त्या खेळाची निम्मी अक्कल तिची. नवऱ्याला अहोजाहो करणारी ही बाई यंत्राला मात्र बेधडक अरेतुरे करायची.

किरकिर थांबली. पडद्यावर आलं: तू तळघरात आहेस. अंधार आहे.

दिवा घे, टाइप कर, असं इसूफच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं. माजिदानं डाव्या हाताच्या बोटानं एकेक अक्षर शोधलं. अक्षरं चुकली.

कळलं नाही. पुन्हा सांग, असं यंत्र म्हणालं.

परत चुकली. यंत्र परत तेच म्हणालं, तसंच, जराही न चिडता. इसूफला कालचं आठवलं आणि त्याची मान खाली गेली. तिसऱ्या वेळी दिवा लागला. माजिदा हसली. हसू एका बाजूनंच उमटलं, पण तिचंच होतं.

मग ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. पडद्यावर उमटलं: चहा कर.

"अगं, तळघरात कसला चहा मिळतोय तुला?"

पडदा म्हणाला: तू बस. मी करतो.

हे उत्तर इसूफचंच. तो साफ विसरला होता. एका संध्याकाळी त्याच्या खेळापायी कावून तिनं 'चहा कर' असं टाइप केलं होतं, आणि त्यानं गुपचूप हे उत्तर आत घातलं होतं. वाचून ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती. हसून झाल्यावर चहा तिनंच केला होता, त्या दिवशी आणि पुढं सगळी वर्षं. आता स्वयंपाकाला येणाऱ्या कमलम्मा करून जायच्या.

माजिदानं पडद्याकडं पाहिलं. मग त्याच्याकडं.

तो उठला. स्वयंपाकघरात चहापावडरीचा डबा सापडेना. आधी हळद निघाली, मग रवा. शेवटी आधण ठेवलं, साखरेचा चमचा शिगोशीग भरला आणि भांड्यावर नेला.

"साखर कमी."

उघड्या दारापलीकडच्या खुर्चीतून आलं. हळू, दमानं, पण सलग. इसूफचा चमचा तसाच हवेत राहिला. डोळ्यांपुढचं भांडं धूसर झालं. त्याला चांगलं ऐकू आलं होतं. तरी तो म्हणाला,

"कळलं नाही. पुन्हा सांग."