बाराशे पंचाहत्तरच्या पुढे

सोनचाफ्याची दीडशे झाडं महिन्याभरात करपली. फर्डिनंडने पोरांसारखी वाढवलेली वाडी. भेटेल त्याला तो एकच सांगत होता, "माझंच वय झालं. काहीतरी चुकलं असेल."

चूक त्याची नव्हतीच. ती त्याच्या मुलीची, लविनाची होती, आणि ते तिला आज दुपारी विहिरीच्या काठावर बसल्यावर कळलं.

लविना सातिवलीच्या एका कारखान्यात चिपसाठी कोड लिहायची. डिसेंबरात तिने हौसेने घरच्या विहिरीसाठी यंत्र बनवलं. रोज पहाटे पाण्याचा खारटपणा मोजायचा, आकडा फोनवर पाठवायचा, बाराशेच्या वर गेला की पंप बंद. बॅटरी दोन वर्षं पुरावी म्हणून निरोप छोटा हवा. तिने आकड्याला पाचाने भागून तो एका बाइटमध्ये कोंबला. बाइटमध्ये दोनशे पंचावन्नच मावतात, म्हणजे बाराशे पंचाहत्तरपर्यंतचा खारटपणा. त्याच्या पुढे मोजणी गुपचूप पुन्हा शून्यापासून, आणि पंपही हाच आकडा पाहून बंद व्हायचा. तिला हे माहीत नव्हतं असं नाही हो! पण तेव्हा विहीर तुडुंब, आकडा चारशेच्या वर सरकेना. बाराशेला पंप बंद होणारच, पुढचा विचार कशाला? एवढी हुशार पोरगी, आणि एवढाच विचार.

फर्डिनंड पूर्वी पंप सुरू करण्याआधी ओंजळभर पाणी चाखायचा. "पप्पा, आता जीभ कशाला? आकडा आहे ना!" असं तीच हसून म्हणाली होती. मुलीच्या शब्दाखातर त्याने चाखणं सोडलं.

एप्रिलमध्ये विहिरीत खारं पाणी शिरलं. एका रात्रीत अकराशेचे तेराशे झाले. फोनवर आकडा आला वीस. फर्डिनंडने खुशीत तिला कळवलं, "लविना, पाणी पावसाळ्यापेक्षा गोड झालंय गं!" ती कामात होती. "छान," म्हणाली आणि फोन ठेवला. त्यांच्या विहिरीने वीस कधी दाखवले होते? एवढं मनाशी विचारायला किती वेळ लागला असता!

आज तिच्या हातातल्या मीटरवर तेराशे चाळीस होते आणि यंत्रावर साठ. महिनाभर ती स्वतःच झाडांना मीठ पाजत होती.

ओट्यावर येऊन तिने फर्डिनंडला सगळं सांगितलं. तिला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"शेजारच्या सदानंदच्या विहिरीतही तेच यंत्र आहे," तो म्हणाला. "तो नको म्हणत होता. मीच गळ घातली. त्याने यंदा सगळी नवी रोपं लावलीत."

त्याने चपला पायात सरकवल्या. लविना रडतच उठली. "पप्पा, मी येते. मी सांगते त्यांना."

"तू घरीच थांब," तो म्हणाला. "तू समोर असलीस तर तो शिव्या देणार नाही. आज त्याला देऊ देत."