'तोदाई'चा तिसरा भाग

वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरातल्या मराठी मंडळात सध्या माझी ओळख 'पोराटोरांच्या गेमवरून मानलेल्या भावाशी भांडलेली बाई' अशी आहे. परवाच्या पॉटलकला मंडळाच्या सगळ्यांत जुन्या सभासद मंदाकाकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं निवेदिता, व्हिडिओ गेमच ना तो? एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" मी हातातला पुलाव टेबलावर ठेवला आणि घरी निघून आले. त्यावरही बोलणं झालं असणारच. तेव्हा एकदा काय ते नीट सांगून टाकते.

पुण्यात मी चार वर्षं सकाळी सातच्या जपानीच्या वर्गाला जात होते. थंडीत स्कूटर सुरू व्हायची नाही, तर चालत जायचे. दुसऱ्या पातळीची परीक्षा पास झाले आणि एका आयटी कंपनीत जपानी गिऱ्हाइकांच्या ईमेलचं भाषांतर करायला लागले. मग लग्न झालं, आणि २००३ साली गुरुदत्तबरोबर वेलिंग्टनला आले. इथे माझ्या जपानीला कुत्रं विचारत नव्हतं. मला सुपरमार्केटच्या डेली काउंटरवर, म्हणजे मांस-चीज कापून विकतात तिथे, नोकरी मिळाली आणि मी दिवसभर हॅमचे काप तोलायला लागले. गुरुदत्त इंजिनियर, पण तोही एका गोदामात खोकी मोजत होता.

शार्दूल त्याचा मित्र. मूळचा नाशिकचा, इथे शिकायला आला, प्रोग्रॅमर म्हणून नोकरीला लागला आणि जॉन्सनव्हिलमध्येच आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायचा. एका शनिवारी तो एक जुनं गेमचं यंत्र आणि एक जपानी डबी घेऊन आला. "वहिनी, यावर काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा ना, प्लीज."

डबीवर लिहिलं होतं 'तोदाई ३'. तोदाई म्हणजे दीपगृह. खाली कंपनीचं नाव होतं, होशिमोरी.

या होशिमोरीचा सगळा इतिहास शार्दूलला मुखोद्गत होता. नागोयात सायकलच्या घंट्या करणारा कारखाना. युद्धानंतर तो पत्र्याची खेळणी करायला लागला, मग नाणं टाकून खेळायची यंत्रं, मग घरातली. त्यांच्या उड्या मारणाऱ्या बेडकाने एक काळ गाजवला, मग घाटातल्या मोटारींच्या शर्यतीने. पण शार्दूलचा जीव होता तो 'तोदाई'वर. दीपगृहाच्या राखणदाराची नात हरवलेल्या जहाजांचा शोध घेत बेटाबेटांवर फिरते, अशी ती गोष्ट. पहिले दोन भाग इंग्रजीत आले. तिसऱ्याच्या वेळी होशिमोरीचं स्वतःचं नवं यंत्र साफ आपटलं, त्यांनी बाहेरच्या देशांतली दुकानं गुंडाळली, आणि गोष्टीचा शेवट जपानबाहेर कुणाला कळलाच नाही. दहा वर्षं वाट पाहिलेल्या पोरांच्या हातावर तुरी दिल्या, असं शार्दूल म्हणायचा आणि खरोखर चिडायचा. मला त्याचं ते चिडणं आवडलं होतं. कुठल्या गोष्टीवर कुणाला चिडताना बघून किती दिवस झाले होते!

मी पहिला प्रसंग वाचून दाखवला. मग दुसरा. दुपारचे दोन वाजले तरी कुणाला भुकेची आठवण नव्हती.

पुढच्या शनिवारपर्यंत शार्दूलने त्या डिस्कमधली सगळी वाक्यं उपसून एका एक्सेल शीटमध्ये घातली. अकरा हजार ओळी. डाव्या रकान्यात जपानी, उजवा रकाना रिकामा. उजवा रकाना मी भरायचा आणि शार्दूलने तो गेममध्ये परत बसवायचा. पडद्यावरच्या चौकटीत तीनच ओळी मावायच्या, त्याही आखूड, त्यामुळे एकेक वाक्य चार-चारदा लिहावं लागे. इंटरनेटवर असे पुष्कळ लोक होते, फुकट भाषांतरं करून चाहत्यांना वाटणारे. "ताई," शार्दूल म्हणाला, तोवर वहिनीची ताई झाली होती, "एंडला नावं येतात ना, तिथे तुझं नाव फर्स्ट. इंग्लिश टेक्स्ट बाय निवेदिता. प्रॉमिस."

मला दुसरं काही नको होतं. पैसा तर त्यात नव्हताच. डेलीच्या एप्रनवर माझ्या नावाची पट्टी होती, तिच्यावर 'निव्ह' लिहिलेलं होतं, कारण मॅनेजरला पूर्ण नाव घेता येत नव्हतं. कुठेतरी एका ठिकाणी, माझ्याच कामाखाली, माझं नाव पूर्ण यावं, एवढंच वाटायचं.

अडीच वर्षं प्रत्येक शनिवारी आम्ही बसलो. त्याने भाऊबीजेला मला जाडजूड जपानी शब्दकोश दिला, मी त्याला ओवाळलं. माझा सख्खा भाऊ पुण्यात असतो, तो मला साडीसुद्धा वेळेवर पाठवत नाही. वाद फक्त एकदाच झाला. गोष्टीतली नात प्रत्येक वेळी घरातून निघताना आजोबांना म्हणते, "इत्ते किमास." शब्दशः, जाऊन येते.

"आय'म ऑफ लिही ना," शार्दूल म्हणाला. "इथले सगळे तसंच म्हणतात."

"इथले म्हणत असतील. तुझ्या आईला निघताना 'जाते' म्हणून बघ, काय होतं ते. 'येते' म्हणायचं असतं. त्या लोकांचंही तसंच आहे. ती पोरगी आजोबांना सांगतेय की मी परत येणार."

"इंग्लिशमध्ये कुणाला कळणारे ते?"

"कळेल. लिही, आय विल गो अँड कम."

तो हसून लोळला. पण मी हटले नाही, आणि दोनशे चौदा ठिकाणी तेच राहिलं. चुकीचं इंग्रजी होतं का? असेल. जगातल्या कुठल्याही गोऱ्या भाषांतरकाराने ते लिहिलं नसतं, हे मात्र नक्की.

फेब्रुवारी २००६ मध्ये शेवटची ओळ झाली. मी घरी शिरा केला. त्यानंतर आठच दिवसांनी शार्दूल उतरलेल्या चेहऱ्याने आला. होशिमोरीच्या वकिलांचं पत्र आलंय म्हणाला. भाषांतर बाहेर काढलं तर कोर्टात खेचणार. आमच्या रेसिडन्सीचा अर्ज तेव्हा जायचा होता. गुरुदत्तला नुकतीच शार्दूलच्याच कंपनीत, त्याच्या शब्दावर, धड नोकरी मिळाली होती आणि तिच्या जोरावरच अर्ज उभा होता. पोलिसांचे दाखले, चारित्र्याची तपासणी, सगळं सुरू होतं.

"निवे, आत्ता कोर्टाची भानगड नको," गुरुदत्त म्हणाला. "पुसून टाक सगळं. आपल्या मशीनवर काहीही ठेवू नकोस."

इथे आलेल्या कुठल्याही देशी माणसाला ती भीती समजेल. लायब्ररीचं पुस्तक दोन दिवस उशिरा परत केलं तरी व्हिसा जाईल असं आम्हाला वाटायचं. मी फायली पुसल्या. चार वह्या होत्या, अर्थांच्या, नावांच्या, कुठला शब्द का घेतला त्याच्या. त्या मी स्वतःच्या हाताने फाडून कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत भरल्या आणि कोपऱ्यावर ठेवून आले. त्या दिवशी वारा असा होता की दोन पानं उडून शेजारच्या कुंपणाला चिकटली. मी धावत जाऊन तीही गोळा केली. शार्दूलकडची प्रत तो पुसणार होता.

जूनमध्ये रेसिडन्सी आली. त्याच महिन्यात शार्दूल ऑकलंडला गेला, 'चांगला जॉब मिळाला' म्हणून. तिकडून फोन करायचा, तिथल्या सँडरिंगहॅम भागात मिठाईची दुकानं किती आहेत ते सांगायचा. एकदा पेढेही पाठवले. मी ते मंडळात कौतुकाने वाटले.

आणि मग २००७ चा ऑगस्ट. मी कामावरून येताना मॉलमधल्या गेमच्या दुकानापाशी थांबले, कारण काचेत दीपगृह होतं. 'तोदाई ३', इंग्रजीत. होशिमोरीने यंत्रं करणं केव्हाच सोडलं होतं, आता जुने खेळ दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी काढत होती. मला खरंच आनंद झाला हो! म्हटलं, शेवटी कुणीतरी केलं.

आत एका पडद्यावर तो खेळायला ठेवला होता. मी बटण दाबलं. नात दारात उभी राहिली, आजोबांकडे वळली, आणि चौकटीत अक्षरं उमटली. आय विल गो अँड कम.

मी तशीच उभी राहिले. पुढची दहा वाक्यं वाचली. सगळी माझी. स्वल्पविराम माझे. मी एक डबी घेतली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "यू गॉट द कन्सोल?" मी नाही म्हटलं. तिने खांदे उडवले आणि "स्वीट अ‍ॅज" असं इथल्या बोलीतलं 'झकास' म्हणून पावती दिली.

दुकानाबाहेरच्या बाकावर बसून मी माहितीपुस्तिका उघडली. शेवटच्या पानावर नावं होती. इंग्लिश टेक्स्ट, शार्दूल. पूर्ण नाव, आडनावासकट. त्याच्याखाली कंपनीतल्या लोकांची यादी, आणि सगळ्यांत शेवटी 'विशेष आभार'. तिथे एकच नाव होतं. गुरुदत्त. माझ्या नवऱ्याचं.

ते मी किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. शार्दूलने केसाने गळा कापला हे कळायला एक क्षण पुरला होता. दुसरं नाव डोक्यात शिरतच नव्हतं.

घरी आल्याआल्या शार्दूलला फोन लावला. "वकिलांचं पत्र दाखव मला," एवढंच म्हटलं.

तो म्हणाला, "ताई, लिसन. पत्र वगैरे काही नव्हतं. मीच त्यांना सॅम्पल पाठवलं होतं. त्यांना एक माणूस हवा होता, इथे इंग्लिश व्हर्जन्स बघायला. दोन नावं टाकली असती तर मला जॉब मिळाला नसता. आणि गुरूला विचारल्याशिवाय मी काहीच केलेलं नाहीये."

मी फोन ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात गुरुदत्त उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"त्याने मला त्याच्या कंपनीत चिकटवलं," तो म्हणाला. "त्या नोकरीशिवाय अर्जच झाला नसता. आज आपण इथे आहोत ते कशामुळे? तुझं काम कामीच आलं की, निवे. वाया तर नाही गेलं."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

हे मात्र त्याने खरं सांगितलं. अडीच वर्षं हा माणूस शनिवारी दुपारी आम्हा दोघांना चहा आणून देत होता.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि होशिमोरीला पत्र लिहायला बसले. जपानीत, हाताने. अत्यंत आदराची, कमरेत वाकणारी जपानी असते ना, तशी. भाषांतर माझं आहे, हे लिहिलं. कुठला शब्द का निवडला, त्याची चाळीस उदाहरणं आठवून आठवून लिहिली. 'जाऊन येते'चं कारण एक अख्खं पान भरून लिहिलं. पैसे नकोत, पुढच्या आवृत्तीत फक्त माझं नाव छापा, एवढीच विनंती केली. आठ पानं झाली. पोस्टात टाकलं आणि सहा आठवडे रोज पेटी उघडून पाहिली.

उत्तर आलं. जाड, सुंदर कागद. 'आपली जपानी भाषा विलक्षण शुद्ध आणि हृद्य आहे,' अशी सुरुवात होती. या देशात आल्यापासून माझ्या जपानीबद्दल कुणी चांगलं बोलल्याची ती पहिली वेळ. पुढे लिहिलं होतं, 'आपल्या विनंतीमुळे आम्ही अत्यंत गोंधळात पडलो आहोत. या विषयातलं आपलंच निवेदन आमच्याकडे आहे. त्याची प्रत सोबत जोडत आहोत.'

मी प्रत उलगडली. एकच पान, इंग्रजीत. 'तोदाई ३ चा संपूर्ण इंग्रजी मजकूर शार्दूल यांचा आहे. मी त्यांना केवळ टंकलेखनात घरगुती मदत केली. मला जपानी भाषा येत नाही. या मजकुरावर माझा कोणताही हक्क नाही आणि पुढेही नसेल.' तारीख १४ मार्च २००६. साक्षीदार म्हणून गुरुदत्तची सही. आणि त्याच्या वर माझी. बनावट नाही, कुणी गिरवलेली नाही. माझीच, शेवटी रेघ ओढलेली.

१४ मार्च मला आठवत होता. रेसिडन्सीचा अर्ज भरला तो दिवस. जेवणाच्या टेबलावर कागदांची चळत होती, दुपारची शिफ्ट गाठायची म्हणून मी एप्रन घालूनच बसले होते, आणि गुरुदत्त एकेक कागद पुढे सरकवत होता. "पेन्सिलने क्रॉस केलाय तिथे सही कर. बाकी मी सगळं बघितलंय." मी पंधरा-वीस सह्या केल्या. त्याला गमतीने म्हटलंही होतं, की माझी किडनी तर विकत नाहीयेस ना. तो हसला होता.

संध्याकाळी तो आल्यावर मी तो कागद टेबलावर ठेवला. त्याने बूट काढले, कागद पाहिला, खुर्चीवर बसला. मला वाटलं, आता निदान माफी मागेल.

"मी जबरदस्ती केली नव्हती," तो म्हणाला. "कागद तुझ्यासमोर होता. इंग्रजीतच होता. तू वाचायला हवा होतास."

अकरा हजार ओळी मी अक्षर न अक्षर वाचल्या होत्या. ते एक पान मी वाचलं नव्हतं, कारण ते त्याने पुढे केलं होतं.