ओढ्याच्या माथ्यावरचं गवत

बाबोकिवारी डोंगरामागून या वर्षी ढग लवकर डोकावले आणि वाळवंटातल्या सग्वारो निवडुंगांची फळं काढायला जमलेल्या तळावर सगळे हरखून गेले. डेल्फिनचा मात्र जीव टांगणीला लागला.

ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. हिवाळाभर सुट्टीच्या दिवशी पहारीने बफेल गवताचे ठोंब उपटून तिने सग्वारोंचा उतार मोकळा केला होता. मावसभाऊ क्लेमंट त्याला ‘डेल्फिनचं केशकर्तनालय’ म्हणायचा. आता ओढ्याच्या माथ्यावरचा एकच पट्टा उरला होता, आणि त्याच्या वाळक्या तुऱ्यांत बी ठासून भरलेलं होतं. मोठा पाऊस झाला की ओढा ते बी थेट सग्वारोंमध्ये नेऊन पसरणार. मग गवत दाटणार, आणि एखाद्या उन्हाळ्यात ठिणगी पडली की आजोबा-पणजोबांच्या वयाची झाडं उभी जळणार.

पण फळांच्या दिवसांत रमोना मावशी दुसरं काम काढूच देत नसे. लांब काठीने फळ पाडायचं, गर बादलीत घ्यायचा आणि रिकामी साल, लाल बाजू आभाळाकडे करून, झाडाच्या बुंध्याशी ठेवायची. ती बघून पाऊस येतो.

म्हणून त्या सकाळी डेल्फिन सगळ्यांच्या मागे रेंगाळली आणि एकेक साल पालथी घालत निघाली. विद्यार्थ्यांनी पाहिलं असतं तर, या विचाराने तिचे कान तापले. हात मात्र थांबले नाहीत.

“काय हरवलंय गं?” मावशी मागेच उभी होती.

डेल्फिनने खरं ते सांगून टाकलं. मावशीचा चेहरा कठोर झाला.

“कॉलेजात हेच शिकवतेस?”

“दोन दिवस हवे होते, मावशी.”

“पावसाला ये म्हणायचं असतं, पोरी. थांब कसं म्हणतेस? झाडं काय पितील?”

“आणि ते गवत?”

“ते काय पावसाने आणलं? गुरांसाठी माणसांनी आणलं. माणसांनीच उपटायचं. मला आधी का नाही बोललीस?”

“फळांच्या दिवसांत तू कुणाचं ऐकतेस?”

मावशीला हसू फुटलं. साली सरळ करायला तिने डेल्फिनला दटावलं आणि स्वतः तळावर जाऊन सगळ्यांना बादल्या खाली ठेवून पहारी, पिशव्या घ्यायला लावल्या. चुलीवर उकळणाऱ्या फळांच्या पाकाचं काय, असं क्लेमंटने विचारलं. मग स्वतःच चूल विझवून तो सगळ्यांच्या पुढे धावला.

माथ्यावर पोचेपर्यंत अर्धं आभाळ काळं झालं होतं. लोकांनी पहारी उगारल्या आणि डेल्फिनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ठोंब राहू द्या, ती ओरडून सांगत सुटली, ओल्या मातीतून ते नंतर सहज निघतील. आधी तुरे कापा, पिशवीत भरा. मग सुऱ्या, कात्र्या, हाताला येईल ते चालू लागलं. वारा सुटला तसे लोक पिशव्यांची तोंडं अंगाखाली दाबून तुरे कोंबू लागले. क्लेमंटच्या बाह्या कुसळांनी भरल्या. मावशीने त्यालाच पिशवीत घालायची धमकी दिली. हसता हसता सगळ्यांना धाप लागली.

शेवटची पिशवी बांधताना टपोरे थेंब पडले आणि पाठोपाठ धाराच कोसळल्या. डेल्फिन घसरत, ठेचकाळत खाली ओढ्याच्या काठावर पोचली. गढूळ पाण्याचा पहिला लोंढा फेसाळत आला. ती गुडघ्यांवर बसली, फेस ओंजळीत धरला, बी लागतं का ते बोटांनी चाचपलं.

“काय आहे गं?” मावशी वरून ओरडली.

“काड्या,” डेल्फिन भिजल्या चेहऱ्याने म्हणाली. “नुसत्या काड्या, मावशी.”