विहिणीची कवळी

शिवांजलीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी तिची आई अक्काताई आटपाडीहून लेकीच्या सासरी आली होती. औंधजवळच्या त्या वाडीत तिला येऊन नऊ दिवस झाले आणि राहीबाईची, म्हणजे शिवांजलीच्या सासूची, कवळी हलायला लागली.

दुपारी जेवताना खालची कवळी उचलली गेली. भाकरीचा कण तिच्याखाली शिरला आणि हिरडीला असा टोचला की राहीबाईनं घास तसाच पदरात काढून घेतला. समोर अक्काताई भाजलेले शेंगदाणे खात होती. सावकाश, एकेक, दाढेखाली धरून. राहीबाई तिच्या जबड्याकडं बघत राहिली.

कवळी दोघींनाही होती. खाणं झालं की दोघी ती काढून धुवायच्या आणि घटकाभर वाटीत ठेवायच्या. घरातल्या स्टीलच्या वाट्या सगळ्या सारख्या. आदल्या दिवशी राहीबाईच्या नवऱ्यानं, जोतीरामनं, मोरी घासायला काढली होती. पलटणीत वीस वर्षं काढलेला माणूस. मोरी घासायची म्हणजे सगळं सामान बाहेर. दोन्ही वाट्या त्यानंच उचलून खिडकीत ठेवल्या होत्या.

"आवं, वाट्या ठिवताना कुठली कुनाची बघितलं हुतं का?" राहीबाईनं विचारलं.

"कुठल्या वाट्या?"

"दातांच्या."

"डावी डावीकडं, उजवी उजवीकडं ठिवली की." जोतीराम जरा थांबला. "बहुतेक."

त्या 'बहुतेक'नं राहीबाईच्या मनात घर केलं.

आधी तिला वाटलं, चुकून झालं असेल. पण मग अक्काताईलाही टोचायला हवं होतं, आणि ती तर शेंगदाणे खात होती. म्हणजे तिला कळलंय आणि ती गप्प बसलीय. घट्ट बसणारी कवळी आपणहून कोण परत देईल? अक्काताई हसली की राहीबाई तिचे दात निरखायची. आपल्या कवळीचा एक सुळा किंचित आत आहे, असं तिला आठवत होतं. अक्काताईचाही कधी आत दिसायचा, कधी नाही. शिवाय जेवल्यावर ती मोरीत पाठमोरी उभी राहून बराच वेळ काहीतरी करायची.

"आत्ती, तुमी जेवत का न्हाई?" शिवांजलीनं विचारलं. "आईचं काय चुकलं का?"

"मी काय म्हनलं का?" एवढंच राहीबाई बोलली.

चौथ्या दिवशी सकाळी अक्काताई न्याहारी करून बाळाला अंघोळ घालायला परसात गेली. तिची वाटी कट्ट्यावरच होती. राहीबाईनं दार लोटलं, आपली कवळी काढली आणि अक्काताईची उचलून तोंडात घातली. ती बसेचना. एका बाजूनं दाबली तर दुसऱ्या बाजूला वर येई, आणि मागची कड घशाशी लागून तिला उबळ आली. कवळी बाहेर काढून तिनं वर बघितलं, तर दारात अक्काताई उभी. खांद्यावर पंच्यात गुंडाळलेलं बाळ.

अक्काताईनं कवळीकडं बघितलं, मग राहीबाईच्या बोळक्याकडं.

"धुऊन ठिवा, इनबाई," ती म्हणाली आणि आत गेली.

दिवसभर राहीबाई वाट बघत होती, आता ही लेकीला सांगणार. आत मायलेकी हसल्या की ती कान टवकारायची. पण कुणी काही बोललं नाही. तेव्हा तिला नवाच संशय आला: ही गोष्ट अक्काताई राखून ठेवतेय, चार पाहुण्यांत सांगायला.

दुसऱ्या दिवशी अक्काताई जोतीरामला म्हणाली, "पाव्हनं, इनबाईंना सातारला दाखवून आना. हिरडी सुजलीया त्येंची."

साताऱ्यात डॉक्टर भार्गवींनी सहा वर्षांपूर्वी ती कवळी बसवली होती. राहीबाईनं ती त्यांच्या हातात दिली. "ही माझीच हाय का, तेवढं आधी सांगा."

"तुमचीच. दुसऱ्याची असती तर तोंडात नीट गेलीच नसती."

राहीबाईनं मान खाली घातली.

"कवळी तीच आहे आजी, तोंड बदललंय. दात गेले की जबड्याचं हाड हळूहळू झिजतं, हिरड्या बसतात. कवळी आहे तेवढीच राहते, म्हणून ती सैल होते."

"इनबाई आल्यापासनं नऊ दिसांत?"

"नऊ दिस कुठलं?" जोतीराम मधेच म्हणाला. "दिवाळीपासनं चिवडा खलबत्त्यात कुटून खातीस की."

"मला बारीकच आवडतो," राहीबाई म्हणाली.

झोपताना ती कवळी काढत नाही, हेही डॉक्टरांनी काढून घेतलं. हिरड्यांना रात्री विसावा हवा, कवळी साध्या पाण्यात बुडवून ठेवायची, गरम पाण्यानं ती वाकडी होते, आणि तक्रार नसली तरी वर्षातून एकदा दाखवायची, असं त्यांनी सांगितलं. हिरडी बरी होईपर्यंत आठवडाभर मऊ भात खायला लावला. मग कवळीला आतून नवं अस्तर बसवायचं ठरलं.

"सकाळी ठेवून जा, संध्याकाळी मिळेल," डॉक्टर म्हणाल्या.

आठवड्यानं तिनं कवळी दिली, पण राहीबाई काही गेली नाही. दिवसभर ती तिथंच बाकावर बसून आतल्या खोलीच्या दाराकडं बघत राहिली. संध्याकाळी कवळी घातली तेव्हा ती जीभ लावूनही हलली नाही. दोन ठिकाणी टोचत होती, तिथं डॉक्टरांनी पुढच्या खेपेला ती तासून दिली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर बाळाचे लंगोट घडी घालत बसलेल्या अक्काताईजवळ ती टेकली.

"तुमी कुनाला सांगितलं न्हाई," राहीबाई म्हणाली.

"काय सांगायचं?" अक्काताईनं घडी मोडून परत घातली. "माझी ढिली झाली तवा मला वाटलं, जावंनंच बदलली. दोन म्हयनं तिच्याशी बोलले न्हाई. मग डाक्टरनं अस्तर बशिवलं. जेवल्यावर हिरड्या चोळायलाबी त्येनंच सांगितलं, मोरीत रोज चोळती मी."

"मग तुमीबी जावंची घालून बघितली?"

"न्हाई बाई. एवढी हिंमत न्हाई झाली."

राहीबाईला हसू आवरेना. आतून शिवांजलीनं काय झालं म्हणून विचारलं, तर दोघी एकदमच म्हणाल्या, "काय न्हाई, लंगोट मोजतुया."