इझबेलला तिच्याच घरातून हाकललं ती दुपार

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात चार्ल्सटन शहर इंग्रजांच्या हाती पडलं आणि दक्षिण कॅरोलायनातल्या लढाईतला जीवच गेला. किनाऱ्यावरच्या बड्या मंडळींनी इंग्लंडच्या राजा जॉर्जच्या नावानं शपथा घेतल्या. आत, डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या शेतकऱ्यांनीही मान खाली घालून घेतल्या. आर्ची कार्नाहननं घेतली नाही. तो बंदूक घेऊन ओढ्यापलीकडच्या रानात निघून गेला, आणि घरी उरल्या त्याची बायको इझबेल आणि म्हातारी आई एफी. या दोघींचं लग्नाच्या दिवसापासून पटलेलं नव्हतं. भाकरी जाड झाली म्हणूनही भांडण, पातळ झाली म्हणूनही भांडण.

जुलैतल्या एका दुपारी राजाच्या बाजूचे घोडेस्वार दारात येऊन ठेपले. त्यांचा कॅप्टन टोबायस हेन्स्ली काही परका नव्हता. दोन शेतं सोडून वाढलेला, इझबेलच्या बरोबरीचा. पण आता त्याच्या अंगावर हिरवा कोट होता, कमरेला तलवार होती, आणि गेल्याच आठवड्यात त्यानं गावचं प्रार्थनाघर जाळून टाकलं होतं. पाद्री राजाविरुद्ध बोलतो म्हणे.

"चूल पेटव," तो उंबरठ्यावरूनच म्हणाला. "माझी माणसं उपाशी आहेत. आणि हो, आर्ची कुठं आहे?"

"मला सांगून गेला असता तर मीच त्याला अडवलं नसतं का?" इझबेल म्हणाली.

तिनं मक्याच्या भाकरी भाजल्या, खारवलेलं मांस तळलं. शिपायांनी तळघरातून पीचच्या दारूचं पिंप वर ओढून आणलं. उन्हानं जमीन भाजून निघत होती. जेवण झालं तसे बहुतेक सगळे घरापुढच्या पाणंदीत, कुंपणाच्या सावलीला आडवे झाले. घोड्यांची खोगिरं काढली, बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्या. पहारेकरीसुद्धा पेंगायला लागले.

इझबेल खिडकीतून बघत होती. पाणंदीच्या दोन्ही बाजूंना आडव्या लाकडांचं उंच कुंपण. पळायचं म्हटलं तर वाट दोनच टोकांना. हे आर्चीला आत्ता कळलं पाहिजे. पण घराबाहेर कुणी पाऊल टाकायचं नाही, असा टोबायसचा हुकूम होता.

मग ती कमरेच्या फडक्याला हात पुसत सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो दोन शिपायांसोबत तिच्या टेबलाशी पीत बसला होता.

"टोब्या, पोट भरलं का रे?"

शिपाई चमकले. टोबायसनं पेला खाली ठेवला. "कॅप्टन म्हणायचं."

"कॅप्टन? आमच्या हंसानं मागे धाव घेतली तेव्हा पाण्याच्या हौदात उडी मारून रडत होतास, विसरलास? आईला हाका मारत होतास. चड्डीची दशा काय झाली होती, सांगू का यांना?"

एक शिपाई फसकन हसला. टोबायसचा चेहरा लालबुंद झाला. "तोंड आवर, इझबेल!"

"देवाचं घर जाळणाऱ्यापुढे तोंड कसलं आवरायचं? बंदुकीला बंदूक भिडवायला छाती लागते. लाकडाच्या भिंतींना काडी काय, कुणीही लावील!"

त्यानं तलवारीच्या मुठीवर हात टाकला. आपण जरा जास्तच ताणलं, असं तिला वाटलं. तेवढ्यात कोपऱ्यातून म्हातारी एफी कडाडली.

"हाकला हो तिला, कॅप्टनसाहेब! घराबाहेर काढा! आल्या दिवसापासून माझं डोकं उठवलंय या बाईनं. आज तुमची पाळी आली. जाऊ दे रानात, तिथं लांडग्यांशी भांडेल!"

इझबेलनं सासूकडे पाहिलं. म्हातारीनं डोळे बारीक करून दाराकडे एक नजर टाकली, आणि पुन्हा शिव्या सुरू केल्या.

"चल, नीघ!" टोबायस ओरडला. "अंधार पडेपर्यंत या घराजवळ दिसलीस तर गोळी घालीन!"

शिपायांनी तिला दंडाला धरून मागच्या दारानं बाहेर ढकललं. ती मोठमोठ्यानं रडत पीचच्या बागेपर्यंत गेली. झाडांआड झाल्यावर तिनं घागरा गुडघ्यापर्यंत खोचला आणि धूम ठोकली. ओढ्यात एक बूट गाळात रुतून राहिला. तो काढायला ती थांबली नाही.

आर्ची आणि त्याचे साथीदार दाट झाडीत दडून होते. त्यांचा म्होरक्या गिलख्रिस्ट, प्रार्थनाघराचा वयस्क पंच. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि दाढी खाजवली.

"आपण थोडे आहोत, पोरी. नदीकाठची आपली बाकीची माणसं येईपर्यंत थांबू."

"थांबा की, काका! तोवर त्यांची झोप होईल, बंदुका हातात येतील, खोगिरं चढतील. मग कशाला, मीच त्यांना निरोप देऊन येते, गिलख्रिस्टकाका निघालेत, जरा तयार राहा म्हणून!"

आर्ची हसायला लागला. "काका, घरात मी रोज हेच ऐकतो. चला, त्यापेक्षा लढाई परवडली."

इझबेलनं त्यांना बागेतल्या वाटेनं आणलं. निम्मे पाणंदीच्या एका तोंडाशी, निम्मे दुसऱ्या तोंडाशी. झाडांतून पहिला बार उडाला आणि खाली एकच तारांबळ उडाली. कुणी दुसऱ्याचीच बंदूक उचलली, कुणी कुंपणावर चढता चढता लटकला, बिनखोगिराचे घोडे माणसांना तुडवत पळाले. टोबायस नुसत्या सदऱ्यावर बाहेर आला, घोड्यावर उडी घेतली आणि पाणंदीच्या तोंडाशी समोर बंदुकांची रांग पाहून थबकला. त्यानं तलवार खाली टाकली. धूर विरायच्या आतच सगळं आटोपलं होतं.

काहीजण टोबायसला फासावर लटकवायला दोर घेऊन धावले, पण गिलख्रिस्टनं त्यांना अडवलं. "आपण माणसं आहोत. कैदी कैदीच राहील."

टोबायस इझबेलकडे बघत राहिला. "तू मुद्दाम..."

"घराबाहेर मला तूच काढलंस ना, कॅप्टनसाहेब?" ती म्हणाली.

घरात एफी सांडलेली दारू पुसत होती. "एवढा वेळ लागतो का ओढा ओलांडायला?" ती फणकारली. मग तिनं सुनेचा चिखलानं माखलेला पाय मांडीवर घेतला आणि धुवायला लागली. इझबेलला हसू आणि रडू एकदमच आलं.

आर्चीच्या साथीदारांतल्या गिरणीवाल्याचा गुलाम जूबा त्या दिवशी लढताना सर्वांच्या पुढे होता. संध्याकाळी 'स्वातंत्र्य, स्वातंत्र्य' म्हणून सगळे टोप्या उडवत होते, तेव्हा तो मालकाच्या घोड्याला पाणी दाखवायला निघाला. इझबेलनं त्याला थांबवून आपल्या टेबलाशी बसवलं, स्वतः वाढलं. तेवढंच तिच्या हातात होतं, आणि ते पुरेसं नाही हे तिलाही कळत होतं.

बातमी वणव्यासारखी पसरली. आजवर राजाचे शिपाई हरू शकतात, असं इकडे कुणाला वाटतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी इझबेल दार उघडून बाहेर आली, तर टेकडीवरून माणसं उतरत होती. मान खाली घालून शपथ घेतलेले तेच शेतकरी. कुणाच्या खांद्यावर बंदूक, कुणाच्या हातात नुसता कोयता. पुढचा म्हातारा दुरूनच ओरडला, "आर्ची आहे का घरात? आम्हालाही लढायला यायचंय!"

"आहे, आहे!" इझबेल हात उंचावून म्हणाली. "या, आधी भाकरी खाऊन घ्या!"